दहावीचा पीटीचा तास परत द्या: मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना खुले पत्र

मा. मुख्याध्यापक आणि संस्थाचालक मंडळी,

स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या वेळापत्रकातून पीटीचा तास उडतो. कागदावर तो तसाच असतो, पण त्या वेळी वर्गात गणिताचे नाहीतर इंग्रजीचे सर उभे असतात. जानेवारी उजाडला की नववीचाही तास जातो. मग पीटीच्या माणसाकडे उरतात ती कामे म्हणजे प्रार्थनेच्या रांगा लावायच्या, उशिरा येणाऱ्यांना फाटकात अडवायचे, सहलीची बस ठरवायची, परीक्षेची बाके मांडायची आणि कुणी पाहुणे येणार असतील तर लेझीम बसवायचे. मी माणदेशातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. ही सगळी कामे मी करत आले आहे आणि लेझीम तर हौसेने बसवते. त्या कामांबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आपल्या भाषणांबद्दल आहे.

आपल्या भागातल्या पोराने किंवा पोरीने पदक आणले की उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, जेसीबीतून फुले उधळली जातात, चौकात फ्लेक्स लागतो. मग सत्काराला आपण उभे राहता आणि ठरलेली वाक्ये येतात. घरची हलाखीची परिस्थिती, पायात चप्पल नाही, शाळेला मैलोन्‌मैल पायपीट, आणि या सगळ्यावर जिद्दीने मात. ऐकणाऱ्याला वाटावे की पदक गरिबीनेच मिळवून दिले आणि शाळेने फक्त आडवे यायचे नाही एवढेच केले. हे ऐकून मागच्या ओळीत बसलेल्या, तशाच परिस्थितीतल्या मुलांना काय वाटत असेल? परिस्थिती तर त्यांचीही तीच आहे. मग त्यांच्यातच काहीतरी कमी असणार, असाच अर्थ त्यांनी काढायचा का?

हलाखीने माणूस चिवट होतो हे अर्धवट सत्य आहे. बहुतेकांना ती थकवते, काहींना गप्प करते, एखाद्याला चिडका बनवते. चिकाटी शिकावी लागते, थोडी थोडी, रोज, कुणीतरी लक्ष ठेवून असताना. ती शिकवायला आपल्या शाळेत मैदानाइतकी स्वस्त जागा दुसरी नाही. नोव्हेंबरपासून ती जागा आपण बंद ठेवता, इतकेच मला सांगायचे आहे.

अविनाश साबळेचे उदाहरण घ्या, कारण भाषणात तो हमखास येतो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. आईवडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर आणि तो चालत-पळत जायचा. सगळे खरे आहे. पण तशी चालत-पळत शाळा गाठणारी पोरे त्या तालुक्यात त्या काळी कितीतरी होती. ती आज कुठे आहेत याचे भाषण कुणी करत नाही. अविनाश बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिन, राजस्थानचे वाळवंट, सिक्कीम अशा ठिकाणी नेमणुका झाल्या. शिस्तीने धावायला तो लागला २०१५ मध्ये, सैन्याच्या क्रॉसकंट्री संघात, तेव्हा त्याने विशी ओलांडली होती. वाढलेले वजन उतरवले. मग प्रशिक्षक अमरीश कुमारांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. वेळेवर जेवण, बूट, कोच, आखलेले वेळापत्रक आणि विश्रांती हे सगळे त्याला पहिल्यांदा एकत्र मिळाले ते तिथे.

३००० मीटर स्टीपलचेस ही शर्यत आपल्यापैकी कुणी पूर्ण पाहिली नसेल तर जरूर पाहा. २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि त्यावर ७ वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो. हर्डलला पाय लागला तर हर्डल पडतो. स्टीपलचेसचा हा लाकडी ठोकळा जागचा हलत नाही, पाय लागला तर माणूस पडतो. दम गेलेला असताना, पाय ओले झालेले असताना, शेवटच्या राउंडलाही तो तेवढाच उंच असतो.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत ही शर्यत संपवली आणि गोपाळ सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याची वेळ होती ८ मिनिटे ९.९१ सेकंद. सहा वर्षे घासून वीस सेकंदही पूर्ण कमी झाले नाहीत. मधल्या काळातले २०१९ चे दोहा पाहा. जागतिक स्पर्धेच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, त्याच्यासमोर धावपटू पडले, तो अडखळला, वेग गेला, आणि तरी त्याने नवा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत जागा मिळाली ती भारताने दाद मागितल्यावर. तिथे तीन दिवसांनी तोच विक्रम त्याने पुन्हा मोडला आणि तेरावा आला. तेराव्याचा सत्कार आपल्याकडे होत नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळाले, सुवर्णापासून ०.०५ सेकंद दूर. तेव्हा मात्र आपण सगळे जागे झालो.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत त्याचा गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे महिने कसे असतात हे ज्याने पाहिले आहे त्याला माहीत आहे. आधी पाय सरळ करायला शिकायचे, मग जिना, मग चालणे, मग कधीतरी पळणे. माझ्या मते चिकाटीवर भाषण करायचे असेल तर ते या महिन्यांवर करावे. पण त्यात फोटो नसतो.

आमच्या माणदेशाच्या ललिता बाबरबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण आपण तिच्याबद्दल ऐकून आहात. माण तालुक्यातले मोही गाव. आधी लांब पल्ल्याची धावपटू, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वेळा पहिली. नंतर स्टीपलचेसला आली ती वयाच्या पंचविशीच्या आसपास, म्हणजे लोक ‘आता पुरे’ म्हणायला लागतात त्या वयात. २०१६ मध्ये रिओच्या हीटमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला, म्हणजे ३२ वर्षांनी. आमच्या मुलींना हा आकडा सांगितला की त्या विचारतात, ‘मॅडम, मधे कुणीच नव्हतं?’ मधे पुष्कळ जणी होत्या. मैदानावरून त्यांना घरी नेले गेले, एवढेच.

आणि खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही कुस्ती आहे, धावणे नव्हे, पण त्या हकिकतीत एक माणूस असा आहे ज्याच्याकडे आपण पाहावे असे मला वाटते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. खाशाबांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने. माझी मागणी घराची नाही, चाळीस मिनिटांची आहे.

आता त्या चाळीस मिनिटांत मी काय शिकवते ते सांगते. बाहेरून ते फार मामुली दिसते आणि म्हणूनच आपण तो तास सहज काढून घेता, असा माझा अंदाज आहे.

आमच्या मैदानावर फक्कीने आखलेला ट्रॅक साधारण २०० मीटरचा आहे. १६०० मीटर म्हणजे आठ राउंड. आठवीतले पोर पहिल्यांदा पळते तेव्हा पहिला राउंड बत्तीस-तेहतीस सेकंदांत मारते, मित्रांकडे बघून हसते आणि पाचव्या राउंडला कमरेवर हात ठेवून उभे राहते. कुठे कुठे पोटात कळ, पोटऱ्यांत गोळे. त्याला वाटते आपल्यात दम नाही. दम असतो, तो पहिल्या दोन राउंडला उधळलेला असतो. मग मी त्याला हिशेब सांगते. प्रत्येक राउंड ४५ सेकंदांत मारलास तर आठ राउंड बरोबर सहा मिनिटांत होतात. पहिला राउंड तुला कंटाळवाणा वाटला पाहिजे. पुढे पळणाऱ्याला जाऊ दे. हे ‘जाऊ दे’ शिकवायला महिना जातो. तेरा वर्षांच्या पोराला स्वतःला आवरायला लावणे हे अवघड काम आहे, आणि या वयात ते शिकवणारा दुसरा विषय मला माहीत नाही.

खरी गंमत चौथ्या ते सहाव्या राउंडची. पहिल्या दोनला अंगात ताकद असते, शेवटच्या दोनला मैदानाच्या कडेने पोरे ओरडत असतात. मधल्या तीनला कुणी बघत नाही. वेग पडतो तो तिथेच. तिथे मी एकच गोष्ट सांगते की आठ राउंडचा विचार करू नकोस, समोरचा कोपरा बघ. कोपरा आला की पुढचा. बाकी सगळे नेहमीचे. आठवड्यातून एक दिवस २०० मीटर जोरात, २०० चालत, असे आलटून पालटून. एक दिवस इतके हळू पळायचे की शेजाऱ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. एक दिवस पूर्ण सुट्टी. या सुट्टीवरून पालक माझ्याशी भांडतात. पोर बसून राहिलेले त्यांना बघवत नाही. पण पाय सरावतात ते विश्रांतीतच, आणि स्नायूंपेक्षा नडगीची हाडे आणि घोट्यावरची शीर सरावायला जास्त दिवस घेतात. घाई केली की नडगी धरते आणि महिना वाया जातो.

दर शनिवारी वेळ घ्यायची आणि वहीत लिहायची. प्रत्येक मुलाचे एक पान. माझ्यासमोर आत्ता एक पान उघडे आहे त्यावर १६०० मीटरच्या वेळा अशा आहेत: ६:४८, ६:४१, ६:४३, ६:४३, ६:४४, ६:३९. पहिल्या आठवड्यात सात सेकंद कमी झाले तेव्हा पोर उड्या मारत होते. मग तीन शनिवार काहीच नाही, उलट तीन सेकंद वाढले. त्या ६:४४ च्या शनिवारी त्याने वही लिहू द्यायला नकार दिला. घड्याळ बिघडलंय म्हणाला. मी दुसऱ्या मुलाला त्याच घड्याळावर पळवले. मग त्याने स्वतःच्या हाताने ६:४४ लिहिले, पेन इतके दाबून की मागच्या पानावर उठले आहे. पुढच्या शनिवारी तो आला. पीटीच्या तासात मला जे शिकवायचे असते ते एवढेच, की आकडा वाईट आला तरी तो आपल्या हाताने लिहायचा आणि पुढच्या शनिवारी यायचे. सहामाही परीक्षा वर्षातून एकदा नापास करते आणि चार महिन्यांनी विचारते. मैदान दर आठवड्याला विचारते, आणि तेही न रागावता.

याच वहीत दुसऱ्या प्रकारची पाने आहेत. त्यांत दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे रकाने मोकळे असतात. ही ऊसतोडीला गेलेल्या, नाहीतर मेंढरांमागे वाडा घेऊन खाली उतरलेल्या घरांची मुले. चार-पाच महिन्यांनी ती परत येतात. वर्गात त्यांची अवस्था काय असते हे आपण जाणताच. बीजगणित तीन प्रकरणे पुढे गेलेले असते, ती मागच्या बाकावर बसतात आणि कुणी काही विचारू नये म्हणून खाली बघतात. त्यातला एक मुलगा गेल्या वर्षी परत आल्यावर शनिवारी ट्रॅकवर उभा राहिला. जाताना त्याची वेळ ५:५८ होती, त्या दिवशी आली ७:११. मला वाटले आता हा यायचा बंद होणार. त्याने वही बघितली, मोकळ्या रकान्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, ‘जूनपर्यंत येतंय खाली.’ कारण ते खाली येते हे त्याने आधी एकदा स्वतः केलेले होते. गणितात ते त्याने कधी अनुभवले नव्हते, म्हणून तिथे तो मान खाली घालून बसायचा. खेळाने मार्क वाढतात असे मी आपल्याला सांगणार नाही. काहींचे वाढतात, काहींचे नाही, आणि मार्कांच्या आमिषाने मला हा तास नको आहे. पण मागे पडलेले पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते, त्यात लाज नाही, हे ज्या पोराला एका ठिकाणी कळले आहे त्याच्याशी गणिताचे सर निदान बोलू तरी शकतात.

आपण म्हणाल, दहावीनंतर पळायचे आहेच की सगळ्यांना. खरे आहे. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर जा, भरतीची पोरे-पोरी पळताना दिसतील. पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटरला २० गुण, आणि पूर्ण वीस हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. मघाच्या हिशेबात हा राउंडला ३९ सेकंदांपेक्षा थोडा कमी वेळ होतो. शाळेत कधीच न पळालेला विशीतला मुलगा जाहिरात निघाल्यावर अकॅडमीला पैसे भरतो आणि तीन महिन्यांत हे गाठायला बघतो. डांबरावर, फाटक्या बुटांनी, रिकाम्या पोटी, कुणीतरी सांगितलेली पावडर खाऊन. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलिस भरतीत ५ किलोमीटर पळताना उमेदवार दगावले आणि त्यानंतर अंतर कमी करावे लागले. त्या मुलांत जिद्द कमी होती असे कुणी म्हणू शकेल का? जिद्द ओसंडून वाहत होती. शरीर कधी ऐकते आणि कधी थांबायला सांगते हे ओळखायला त्यांना कुणी वेळेवर शिकवले नव्हते. थांबणे कळणे हाही चिकाटीचाच भाग आहे, आणि तो आठवीत, नववीत, सावकाश शिकवायचा असतो.

तालुक्याच्या शालेय स्पर्धांचा एक प्रसंग लिहिते. कुठला तालुका, कुठले वर्ष, ते सांगत नाही. १७ वर्षांखालील मुलींची १५०० मीटर. पहिल्या तिघी आल्या, टाळ्या झाल्या, पंचांनी नंबर लिहून घेतले. आमची मुलगी सर्वांत मागे होती आणि तिचा एक राउंड अजून बाकी होता. माइकवरून सूचना आली, ‘ट्रॅकवर जी मुलगी आहे तिनं कृपया बाहेर यावं, पुढची इव्हेंट सुरू करायची आहे.’ तिने पळता पळता माझ्याकडे बघितले. मी हाताने गोल करून दाखवले, पूर्ण कर. सूचना पुन्हा आली, या वेळी आवाज चढवून. शंभर मीटरची मुले स्टार्टला उभी होती, स्टार्टर माझ्याकडे रागाने बघत होता, एका संघाचे मार्गदर्शक मला ऐकू जाईल असे म्हणाले की हिला आणलीच कशाला. तिने राउंड पूर्ण केला. मी तिची वेळ घेतली होती, ती तिला सांगितली. सरावातल्या वेळेपेक्षा अकरा सेकंदांनी चांगली होती. निकालपत्रात ती कुठेच नाही, कारण तिथे तीनच ओळी असतात.

त्या वेळापत्रकाची घाई मला कळते. एका दिवसात तीन वयोगट, मुले-मुली, सगळ्या इव्हेंट, आणि पाचनंतर उजेड नाही. तरी मला वाटते, धावणाऱ्या मुलीला बाहेर बोलावणारा माइक आणि डिसेंबरात पीटीचा तास काढून घेणारे वेळापत्रक एकाच समजुतीतून येतात. पहिल्या तिघांपुरताच खेळ असतो, ही ती समजूत. पहिले तिघे माझ्याशिवायही पळतील. शाळेतल्या मैदानाची गरज असते ती चौथ्यापासून चाळिसाव्यापर्यंतच्यांना.

मुलींबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण संस्थेच्या बैठकीत हा विषय कुणी काढत नाही. आठवी-नववीत मुली मैदानावरून गळायला लागतात. आपण म्हणता त्यांना आवड नसते. आवड असते. कपडे बदलायला खोली नसते, स्वच्छतागृहात पाणी नसते, पाळीच्या दिवसांत काय करायचे ते विचारायला बाई नसतात, आणि गणवेशाच्या सलवार-ओढणीत पळता येत नाही. शिवाय अंगात रक्त नसते. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी निम्म्या मुली दप्तरात टाकून घरी नेतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळते. धावायला येणाऱ्या मुलींना मी डब्यानंतर माझ्यासमोर गोळी घ्यायला लावते. महिन्या-दोन महिन्यांत त्यांनाच फरक जाणवतो की पूर्वी तिसऱ्या राउंडला डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती आता येत नाही. हे औषध मैदानाशिवायही देता आले असते, पण मैदानाशिवाय त्या ते घेत नव्हत्या.

आणि आमच्या भागात आणखी एक गोष्ट घडते. मुलगी जिल्ह्याला निवडली गेली की घरात चाललेली लग्नाची बोलणी थोडी लांबतात. आजोबा म्हणतात, स्पर्धा तेवढी होऊ द्या. त्या थोड्या लांबण्यात कधी दहावी होते, कधी बारावी. सगळ्यांची होत नाही. काही मुलींना मी वाचवू शकले नाही आणि खेळाने वाचवले असते असा दावाही करत नाही.

दिव्यांग मुलांना तर आपण पीटीच्या तासाला वर्गातच बसवतो, दप्तरे सांभाळायला. त्यांच्यासाठी आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचे नाव घेते. लहानपणी सायकलवरून पडला, हात मोडला, पुढे गँगरीन झाले, शस्त्रक्रिया झाल्या, डावा हात पूर्वीसारखा झाला नाही. इंजिनिअर झाला, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवले. आधी भाला फेकायचा, खांदा दुखावल्यावर गोळ्याकडे वळला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवले. सुवर्ण सहा सेंटिमीटरवर राहिले. आमच्या शाळेतला एक पाय अधू असलेला मुलगा गेल्या वर्षापासून गोळा फेकतो. पहिल्या दिवशी त्याने विचारले, ‘मग दप्तरं कोण बघणार?’

आता गणिताच्या सरांच्या बाजूनेही बोलते. दहावीचा निकाल खाली आला की वर्तमानपत्रात शाळेचे नाव येते, मुलाच्या १६०० मीटरची वेळ वाढली तर येत नाही. तुकड्या टिकवायच्या असतात, पटाचा प्रश्न असतो, संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार पदे ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि पहिली कुऱ्हाड कला-क्रीडेवर पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि सहावी ते आठवीच्या शंभरहून अधिक मुलांसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक लिहिलेला आहे. पण निदेशकांचे काय होते ते आपल्याला माझ्याहून चांगले माहीत आहे. हे शासनाचे दुखणे आहे आणि त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल. खेळाच्या नावावर चाललेल्या भानगडीही मला माहीत आहेत. ग्रेस गुणांसाठी एकदाच मैदानावर येऊन सही करून जाणारी मुले आहेत, आणि नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी कधी न खेळलेल्या खेळाची प्रमाणपत्रे विकत घेतलेली माणसे पकडली गेली आहेत. म्हणूनच मी गुण आणि नोकरी यांच्या वाटेला जात नाही. मला वेळ हवा आहे.

जूनमध्ये वेळापत्रक लावायला बसाल तेव्हा एवढे पाहा. दहावीचे आठवड्यातले दोन तास, शक्यतो सकाळच्या सत्रात, बोर्डाची परीक्षा सुरू होईपर्यंत तसेच ठेवा, आणि त्या तासांना दुसऱ्या विषयाचे शिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहणार नाहीत असे परिपत्रक काढा. तोंडी सांगितलेले टिकत नाही. मुलींसाठी एक खोली कपडे बदलायला द्या, प्रयोगशाळेची मागची चालेल, फक्त आतून कडी हवी. आपल्या हाती तालुक्याच्या स्पर्धांचे नियोजन असेल तर लांब पल्ल्याच्या शर्यती दिवसाच्या सुरुवातीला ठेवा आणि शेवटच्या धावपटूपर्यंत वेळ लिहून घ्यायला एक माणूस बसवा. ते काम मी फुकट करीन. एक स्टॉपवॉच शाळेच्या नावावर घ्या. सध्याचे माझ्या पगारातले आहे आणि त्याची कळ दोनदा दाबावी लागते. फक्कीची पोती पावसाळ्याआधी मागवली तर स्वस्त पडतात, तो कागद मी कार्यालयात दिलेला आहे.

पुढच्या सत्काराला बोलायला उभे राहण्याआधी एखाद्या शनिवारी सकाळी साडेसातला मैदानावर या. वही दाखवीन. पळायची इच्छा झाली तर तेही करता येईल. पहिला राउंड मात्र सावकाश.

कळावे,

आपली नम्र,
माणदेशातली एक क्रीडाशिक्षिका